जागा बदलल्यावर आशीर्वचन पुन्हा म्हणावे का?

वर विचारले आहे की, जेवता जेवता दुसऱ्या घरी गेल्यास यहुदी माणसाने खाण्यापूर्वीचे आशीर्वचन पुन्हा म्हणावे का. सफरचंदासारखे फळ असेल तर म्हणावेच लागते. पावाच्या जेवणाबाबत मात्र मतभेद आहे: जेवणानंतरची प्रार्थना मूळ जागीच म्हणण्याचे बंधन असल्यामुळे ते जेवण चालूच आहे आणि आशीर्वचन पुन्हा नको, असे क्राकोचे रब्बी (यहुदी धर्मगुरू) मोशे इस्सरलिस मानतात, तर योसेफ कारो 'शुल्हान आरुख' या आपल्या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथात ही सूट देत नाहीत. तालमूद या प्राचीन यहुदी धर्मग्रंथातील उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते. नवरदेवाला सामोरे जाण्यासाठी पंगत उठली, पण एखादा वृद्ध किंवा आजारी सोबती तिथेच बसून राहिला, तर परतणाऱ्यांना नव्याने आशीर्वचन म्हणावे लागत नाही, कारण त्याच्यामुळे पंगत मोडलेली नसते.