होर्ड, होर्ड आणि होर्डिंग

प्रश्न : रस्त्यावरचं होर्डिंग आणि साठेबाजी या अर्थाचं होर्डिंग, शब्द एकच का? आणि ‘होर्ड्स ऑफ टूरिस्ट’ लिहिताना मध्ये ‘ओए’ की शेवटी ‘ई’?

— स्पेलिंगचं आधी. माणसांची झुंड असेल तर शेवटी ई : एच-ओ-आर-डी-ई. ओएवाला होर्ड म्हणजे साठा, तोही दडवून राखलेला. उच्चार सारखा आणि दोन्ही शब्द कोशातले, त्यामुळे स्पेलचेकर ही चूक पकडत नाही. ‘गर्दी’ घालून वाक्य जमलं तर ई, ‘साठा’ घालून जमलं तर ओए. ‘होर्डर’, ‘होर्डेड’ ही रूपं ओएवाल्याचीच.

— पुरातत्त्वात ओएवाला नेमक्या अर्थाने येतो : एकत्र दडवलेला किंवा पुरलेला ऐवज. उत्खननात इथे एक, तिथे दोन अशी सुटी नाणी मिळाली तर तो होर्ड नव्हे. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेला, क्षत्रप राजा नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा हा खरा होर्ड. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला छाप मारला आहे. असा मजकूर इंग्रजीत लिहिताना चुकून ईवाला होर्ड लिहिला, की नाण्यांची टोळी चाल करून येते!

— ईवाल्याचं मूळ तुर्की ‘ओर्दू’, म्हणजे छावणी. पोलिश भाषेत त्याला पुढे ‘ह’ चिकटला आणि सोळाव्या शतकात तो इंग्रजीत पोचला. आपल्याकडे तोच ‘उर्दू’ झाला. ‘जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला’ म्हणजे बादशाही छावणीची भाषा. व्होल्गाकाठच्या ‘गोल्डन होर्ड’ या मंगोल सत्तेचं भाषांतर ‘सोनेरी टोळी’ असं करतात, ते फसवं आहे. तिथे होर्ड म्हणजे खानाचा तळ, पर्यायाने त्याचं राज्य.

— आता होर्डिंग. साठेबाजीचं होर्डिंग ओएवाल्या होर्डपासूनच आलं, पण रस्त्यावरच्याचा त्याच्याशी संबंध नाही, स्पेलिंग तेच असलं तरी. त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमधला ‘हूर्द’, म्हणजे लाकडी मचाण किंवा कुंपण. शर्यतीतला ‘हर्डल’ त्याच्याच कुळातला. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात चालू बांधकामाभोवतीच्या फळ्यांच्या आडोशाला होर्डिंग म्हणू लागले. त्या फळ्यांवर जाहिराती डकवल्या जात, आणि पुढे जाहिरातीच्या चौकटीलाच ते नाव पडलं.

जुना अर्थ मेलेला नाही, आणि भाषांतरात घोळ होतो तो इथेच. निविदेत ‘साइट होर्डिंग’ असेल तर ‘जाहिरात फलक’ लिहू नका. ते बांधकामाभोवती ठोकायचे पत्रे आहेत. अमेरिकेतल्या ग्राहकाला लिहायचं असेल तर सरळ ‘बिलबोर्ड’. तिकडे होर्डिंग म्हटलं की साठेबाजी, नाहीतर घरात अडगळ साठवत जाण्याचा मानसिक विकार.

— याच्या उलट जोडी हवी असेल तर ‘मेटल’. धातूचा मेटल आणि हिंमत-धमक या अर्थाचा, दोन टी असलेला मेटल हा मुळात एकच शब्द. दोन्ही स्पेलिंगं दोन्ही अर्थांनी चालायची, वाटण्या नंतर झाल्या. ‘कस दाखवणे’ या अर्थी ‘शो वन्स मेटल’ लिहाल तेव्हा मात्र दोन टी.