कँटोनीज बोलपटांचा उदय: श्रेय हाँगकाँगचे की शांघायचे?

कँटोनीज (दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांताची आणि हाँगकाँगची भाषा) चित्रपट म्हटले की हाँगकाँग आठवते, मात्र या भाषेतल्या बोलपटांची सुरुवात ज्यांच्यापासून मानली जाते ते दोन चित्रपट हाँगकाँगबाहेर तयार झाले, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. १९३३ साली सॅन फ्रान्सिस्कोत जोसेफ सन जू आणि क्वान मान-चिंग यांच्या ग्रँडव्ह्यू कंपनीने 'रोमान्स ऑफ द साँगस्टर्स' काढला. त्याच साली शांघायमध्ये शॉ बंधूंच्या तिआनयी कंपनीने 'व्हाइट गोल्डन ड्रॅगन' पडद्यावर आणला. त्याचा नायक सित कोक-सिन हा कँटोनीज संगीत रंगभूमीवरचा मोठा नट होता आणि कथाही त्याच्याच गाजलेल्या नाटकाची होती.

तिआनयीने हे भाषाप्रेमापोटी केले नाही. १९२८ मध्ये मिंगशिंग आणि इतर कंपन्यांनी एकजूट करून तिआनयीला चित्रपटगृहांतून हुसकावण्याचा घाट घातला, तेव्हा शॉ बंधूंनी सिंगापूर-मलायाच्या बाजारावर भिस्त ठेवली. तिथल्या आणि अमेरिकेतल्या चिनी वस्त्यांत कँटोनीज भाषकांची संख्या मोठी होती आणि त्यांना आपल्या भाषेतली गाणी हवी होती. म्हणून माझे मत असे की या उदयाचे श्रेय परदेशातला प्रेक्षक आणि शांघायचे भांडवल यांना आहे. हाँगकाँगला ते आयते मिळाले.

प्रतिसाद १

'आयते' या शब्दाला माझी हरकत आहे. १९१३ साली लाय मान-वाई यांनी हाँगकाँगमध्ये 'झुआंगझी टेस्ट्स हिज वाइफ' केला. १९२३ मध्ये त्यांनी आपल्या भावांबरोबर मिनशिन कंपनी उभारली, स्टुडिओसाठी जागा मिळेना म्हणून काही काम ग्वांगझूला (म्हणजे कँटनला) नेले आणि १९२५ मध्ये 'रूज' पूर्ण केला. त्याच वर्षी ब्रिटिशांविरुद्धचा कँटन-हाँगकाँग संप पेटला आणि सारे ठप्प झाल्यावर ते शांघायला गेले. पुढे १९३० मध्ये लिआनहुआ कंपनी उभी राहिली, तिच्या संस्थापकांत लाय मान-वाई होते आणि हाँगकाँगचे लुओ मिंगयोउही होते. म्हणजे आपण ज्याला शांघायचा सिनेमा म्हणता त्याच्या पायात दक्षिणेची माणसे आणि दक्षिणेचा पैसा होता. तिआनयीने नंतर हाँगकाँगमध्ये स्टुडिओ काढला, ती घरवापसीच म्हणायची.

प्रतिसाद २

दोघांनीही आवाजाचा मुद्दा सोडला आहे. मूकपटातली लिखित पाटी चीनच्या कोणत्याही प्रांतातल्या साक्षराला वाचता येत होती, त्यामुळे एकच चित्रपट सगळीकडे चालत असे. बोलपट आल्यावर ही सोय संपली आणि प्रत्येक भाषेच्या प्रेक्षकाला वेगळा चित्रपट लागू लागला. भांडवल कोणाचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

धागालेखक

प्रतिसाद १ मधली माहिती मान्य, निष्कर्ष नाही. लाय मान-वाई यांचे काम मूकपटांचे होते. त्यांचे चित्रपट हाँगकाँगमध्ये झाले म्हणून ते 'कँटोनीज' ठरत नाहीत. प्रतिसाद २ ने दाखवलेली फाटाफूट १९३० नंतरची आहे, आणि त्या काळात पहिली उडी तिआनयीने घेतली.

प्रतिसाद ३

उडी कोणी घेतली यापेक्षा हा सिनेमा टिकला कसा, हे मला महत्त्वाचे वाटते, आणि तिथे हाँगकाँगला पर्याय नव्हता. तेव्हाची राजधानी नानजिंग इथल्या कुओमिंतांग (राष्ट्रवादी पक्षाच्या) चिनी सरकारला एक राष्ट्र, एक भाषा हवी होती आणि बोलीभाषेतले चित्रपट त्याच्या डोळ्यांत सलत होते. तरीही ग्वांगडाँगवर लष्करी सत्ताधीश चेन जीतांग यांचा अंमल असेपर्यंत नानजिंगचे तिथे फारसे चालत नव्हते. १९३६ मध्ये त्यांची सत्ता गेली आणि कँटोनीज चित्रपटांवरच्या नानजिंगच्या बंदीचा फास आवळू लागला. तेव्हा ब्रिटिश अमलाखालचे हाँगकाँग नसते, तर शांघायमधला कोणता निर्माता सेन्सॉरशी भांडत बसला असता? शॉ बंधू व्यापारी होते. नफा आटला असता तर त्यांनी दुसरा माल विकला असता.

धागालेखक

मग एवढेच सांगा: हाँगकाँगमध्ये नानजिंगचा कायदा चालत नव्हता, तर दक्षिणेतल्या निर्मात्यांनी बंदी पुढे ढकलण्याची विनंती करायला नानजिंग सरकारकडे शिष्टमंडळ का पाठवले? कारण उघड आहे. ग्वांगडाँगचा प्रेक्षक गमावणे त्यांना परवडणारे नव्हते. ब्रिटिश हद्दीत कॅमेरा सुरक्षित होता, तिकीटविक्री नव्हती.

प्रतिसाद ३

प्रश्न रास्त आहे, आणि तिकीटविक्रीबद्दल आपण म्हणता ते मला मान्य आहे. पण त्या विनंत्यांमुळे फक्त मुदत मिळाली. जुलै १९३७ मध्ये जपानशी युद्ध पेटले आणि बंदी बाजूला पडली. त्याच वर्षी शांघायचा चिनी भाग जपान्यांच्या हाती गेला आणि तिथले कलावंत व तंत्रज्ञ हाँगकाँगला येऊ लागले. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग पडेपर्यंत तिथे कँटोनीज चित्रपट मोठ्या संख्येने निघत राहिले. त्यांतले बरेचसे घाईघाईने उरकलेले होते, हे मी नाकारत नाही. आपण मांडलेला शांघायच्या भांडवलाचा हिशेब १९३३ पुरता बरोबर आहे. या चार वर्षांचा हिशेब मात्र त्यात कुठेच बसत नाही.