बिटकॉईनचे ९५ हजार सॅट आहेत आणि पाठवायची फी ९० हजार दाखवतंय, काय करू?

रात्रपाळी_पुणे:
नमस्कार मंडळी. २०१६ मध्ये कॉलेजला असताना फॉसेटच्या (फुकटात किरकोळ बिटकॉईन वाटणाऱ्या) साईटवर कॅप्चा भरून भरून थोडे थोडे बिटकॉईन जमवले होते, कधी दोन हजार सॅट (एका बिटकॉईनचे दहा कोटी सॅट) कधी पाच हजार, असं वर्षभर चाललं होतं. परवा जुन्या वहीत सीड, म्हणजे वॉलेट उघडायचे शब्द, सापडले, इलेक्ट्रम वॉलेटमध्ये टाकले तर बॅलन्स आला ९५,००० सॅट. १ बिटकॉईन ८० लाख धरला तर ७,६०० रुपये होतात, आईला मिक्सर घ्यायचा होता म्हणून खूप आनंद झाला. पण सगळे पाठवायला गेलो तर फी ९०,००० च्या आसपास! हातात उरतात पाच हजार सॅट, म्हणजे ४०० रुपये. मित्राने परवाच लाखभर रुपयांचे पाठवले, त्याला दीडशे-दोनशे रुपये लागले. मग मलाच एवढी फी का? वॉलेट बिघडलंय का, की काही फसवणूक आहे?

सॅट_मोजणारी:
वॉलेट बरोबर आहे, घाबरू नका. बिटकॉईनची फी रकमेवर नसते, व्यवहाराने ब्लॉकमध्ये (बिटकॉईनच्या सामाईक नोंदवहीच्या पानावर) किती जागा खाल्ली त्यावर असते. तुम्हाला ९५ हजार हा एक आकडा दिसतो पण आत ते सुटे तुकडेच आहेत, फॉसेटने जितक्या वेळा पाठवले तितके. इलेक्ट्रमच्या व्ह्यू मेनूतून कॉईन्सचा टॅब चालू करा आणि ओळी मोजा.

गल्ला फोडून चिल्लर काऊंटरवर ओतली आणि तिथला माणूस दर नाण्यामागे मोजणावळ घेत असेल तर कसं होईल, तसंच आहे हे. तुमच्या मित्राची एकच मोठी नोट असणार.

रात्रपाळी_पुणे:
मोजले, बरोबर ३० ओळी आहेत. पत्ते सगळे १ ने सुरू होणारे.

सॅट_मोजणारी:
मग हिशोब जुळला. १ ने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यावरचा एक तुकडा खर्च करायला साधारण १४८ व्हीबाईट (त्या जागेचं माप) लागतात, ३० तुकड्यांचे ४,४४०, वरचं थोडं धरून ४,५०० समजा. तुमचं वॉलेट २० सॅट दर व्हीबाईट लावतंय, म्हणजे ९०,०००. आता एकेक तुकडा बघा, २० च्या भावाने तो हलवायला २,९६० सॅट खर्च येतो, म्हणजे तुमचा दोन हजारवाला तुकडा पाठवणं हे चक्क तोट्यात आहे, तो व्यवहारात घातला की पैसे वाढायच्या ऐवजी कमी होतात!! पण हा फीचा भाव कायम राहत नाही. २ सॅटला हेच काम ९,००० त होतं, १ ला ४,५०० त. घाई नसेल तर थांबा. मेमपूल डॉट स्पेसवर चालू भाव दिसतो, शनिवार-रविवारी बऱ्याचदा उतरलेला असतो. भाव पडला की सगळे तुकडे स्वतःच्याच नव्या, बीसी१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर एकत्र करून ठेवा. पुढे तो एकच तुकडा पाठवायला सगळं धरून ११० व्हीबाईट लागतील, म्हणजे २० चा भाव असला तरी २,२०० सॅट.

गोदाकाठ:
ताईंनी नीट सांगितलंय, त्यात एवढीच भर की एकत्र करायच्या आधी प्रत्येक ओळ बघून घ्या. अनोळखी पत्त्यावरून ५४६ सॅट वगैरे किरकोळ रक्कम आलेली असेल तर ती फ्रीझ करा, सोबत पाठवू नका. असे कण मुद्दाम टाकतात, तुम्ही ते बाकीच्यांसोबत खर्च केले की सगळे पत्ते एकाच माणसाचे आहेत हे उघड होतं. तसं तुमचे ३० तुकडे एकत्र केल्यावरही ते दिसणारच आहे, फॉसेटच्या पैशात फार बिघडत नाही पण माहीत असलेलं बरं.

आणि एक कळकळीने सांगतो, आता तुम्हाला इनबॉक्समध्ये "अडकलेले कॉईन काढून देतो" असे मेसेज येतील. सीडचे शब्द कुणालाही द्यायचे नाहीत, कितीही गोड बोलला तरी. माझ्या मावसभावाचे असेच गेले, आणि ते परत येत नाहीत हो.

डोंबिवली_फास्ट:
इथेच विचारतो. माझे १२ यूएसडीटी (डॉलरला बांधलेले टोकन) इथेरियम नेटवर्कवर आहेत आणि वॉलेट म्हणतं गॅससाठी, म्हणजे फीसाठी, इथर (तिथलं चलन) नाही. तिथेपण तुकडेच असतात का?

सॅट_मोजणारी:
नाही, तिथे बॅलन्स एकच आकडा असतो. पण फी इथरमध्येच भरावी लागते, यूएसडीटीतून कापली जात नाही. टोकन पाठवायला साधारण ६५,००० गॅस (कामाचं माप) धरा, १२ पाठवा नाहीतर १२ हजार, तेवढाच. गॅसचा भाव ३० ग्वेई (ग्वेई म्हणजे इथरचा अब्जावा भाग) असला तर ०.००१९५ इथर होतात, १ ग्वेईला ०.००००६५. म्हणजे इथेही भाव उतरल्यावरच पाठवायचं, नाहीतर बारातले निम्मे फीतच जातील.

गोदाकाठ:
विकायचं असेल तर एक्स्चेंजची किमान डिपॉझिटची अट आधी वाचा, त्याहून कमी पाठवलं तर काही ठिकाणी जमाच होत नाही. आणि नफ्यावर ३० टक्के कर आहे २०२२ पासून, त्यात फक्त खरेदीची किंमत वजा होते, ही फी वजा होत नाही, तेही हिशोबात धरा.

रात्रपाळी_पुणे:
अपडेट देतो. रविवारी पहाटे कामावरून आलो तेव्हा भाव २ च्या खाली होता, बरोबर २ लावून ३० च्या ३० पाठवले. तासभर काहीच हललं नाही तेव्हा जीव खालीवर होत होता, अडकलं तर काय होईल?

सॅट_मोजणारी:
अडकलं तरी पैसे जात नाहीत. फी वाढवून तोच व्यवहार परत पाठवता येतो, आणि काहीच केलं नाही तरी साधारण १४ दिवसांनी बहुतेक नोड (नेटवर्क चालवणारे संगणक) तो सोडून देतात आणि तुकडे पुन्हा तुमच्याच पत्त्यावर मोकळे दिसतात.

रात्रपाळी_पुणे:
झालं!! दुपारी उठून बघितलं तर कन्फर्म. ८६ हजार सॅट, एकच ओळ. ताई, दादा, मनापासून आभार. आईला अजून सांगितलं नाहीये, मिक्सर आला की सांगणार.