शब्दचर्चा: सॅम्पलरची ‘मर्यादा’ की ‘मगदूर’?

कृष्णाकाठ
मंडळी, एक वाक्य घशात अडकलंय. महिनाअखेरीला मिरजेत आम्ही चार-पाच जण मिळून पोरांना सॅम्पलर दाखवणार आहोत. लॅपटॉप नाही, सॉफ्टवेअर नाही, नुसतं यंत्र. पत्रकाचा मजकूर एका मित्राने लिहून दिलाय, त्यात पहिलंच वाक्य असं: ‘हार्डवेअरच्या मर्यादांना कवटाळा.’ व्याकरण बरोबर, शब्द मराठी, तरी मराठी वाटत नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: सॅम्पलर म्हणजे कुठल्याही आवाजाचा तुकडा साठवून तो पॅडवर बोट मारून वाजवायचं यंत्र. १९८७ सालच्या ई-म्यू एसपी-१२०० मध्ये सगळे तुकडे मिळून १० सेकंद मावायचे, एका तुकड्याला फार तर अडीच. तेही १२ बिट आणि २६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सीडीपेक्षा बरंच खालचं काम. आज फोनमध्ये दिवसभराचं रेकॉर्डिंग बसतं. तरी लोक असली यंत्रं हुडकून घेतात आणि म्हणतात, गाणं यावरच पटकन होतं. तर या तोकडेपणाला काय म्हणायचं? आणि ‘कवटाळा’च्या जागी काय?

वाईचा म्हातारा
कवटाळण्यात घाबरणं आहे, नाहीतर हट्ट. माणूस मृत्यूला कवटाळतो, जुन्या रूढी कवटाळून बसतो. तुमचं वाक्य वाचून यंत्र पुरात वाहून चाललंय आणि पोरं त्याला धरून बसलीत असं डोळ्यांपुढे आलं.

मर्यादा आपण पाळतो, सांभाळतो, ओळखतो, नाहीतर ओलांडतो. मुळात हा काठाचा शब्द. समुद्र मर्यादा सोडत नाही, असं म्हणायचे ते त्या अर्थाने. मग तो वागणुकीला लागला: ‘घरात मोठी माणसं आहेत, जरा मर्यादा ठेव.’ मग सोसायटीच्या पाटीवर जाऊन ‘मर्यादित’ झाला. उणीव या अर्थाने आपण तो वापरतो तेव्हा बहुतेक वेळा काम टाळायचं असतं. ‘आमच्याही काही मर्यादा आहेत’ असं साहेब म्हणाले की उठावं आणि घरी जावं.

खोडरबर
अंथरूण पाहून पाय पसरावे. संपली चर्चा.

कृष्णाकाठ
नाही संपत. ती म्हण खर्चाची आहे, आणि तिच्यात पाय आखडून घेणं आहे. इथं उलटं होतं. एसपी-१२०० वर तुकडा अडीच सेकंदांत बसेना, म्हणून त्या काळची पोरं मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून भरायची. सव्वातीन सेकंदांहून जरा जास्त वाजणारा तुकडा अडीच सेकंदांत बसायचा. मग यंत्रात त्याचा वेग उतरवून तो मूळ वेगावर आणायचा. उतरवताना आवाज खरखरीत व्हायचा, जरा पत्र्यासारखा. युक्ती जागा वाचवायची होती, पण हिपहॉपवाल्यांना ती खरखरच आवडली. आता स्वच्छ रेकॉर्डिंगवर ती मुद्दाम चढवायला प्लगइन, म्हणजे लॅपटॉपवरची जोड-सॉफ्टवेअरं, विकत मिळतात. पाय आखडले आणि अंथरूणच लांब झालं, असली म्हण असेल तर सांगा.

माळरान
मी गाण्यातला नाही. जत तालुक्यात डाळिंब आहे माझं. पण तुम्हाला पाहिजे तो शब्द आमच्याकडे रोजचा आहे: मगदूर.

जमिनीचा मगदूर. माती किती खोल, पाणी किती धरते, निचरा कसा होतो, यावरून ठरतो तो. मुरमाड रानाला कोण ‘या रानाच्या मर्यादा’ म्हणत नाही बघा. मगदूर हलका आहे म्हणतात आणि डाळिंब धरतात. तेच झाड भारी काळ्या रानात लावलं तर पाणी साचून मर लागते. आणि भारी रान म्हणजे चांगलंच असंही नाही. नदीकाठाला पाणी मुबलक झालं, ऊस झाला, पाण्यावर पाणी दिलं आणि शिवारंच्या शिवारं क्षारपड झाली. (कृष्णाकाठ यांनी मनाला लावून घेऊ नये.)

कृष्णाकाठ
लावून घेतलं. आमची दोन एकर त्यातलीच आहेत. पण शब्द आवडला.

वाईचा म्हातारा
वा! हा मला सुचायला हवा होता.

मगदूर अरबीतून आला, मूळ मक़्दूर. कदर, कुदरत, तकदीर, मुकद्दर ही सगळी त्याच घरातली भावंडं. मोजणं, ठरवणं, शक्ती असणं, असे अर्थ त्या धातूत एकत्र आहेत. मराठीत ‘मगदुराप्रमाणे वर्गणी द्यावी’ म्हणतात, आणि ‘त्याचा काय मगदूर!’ असं म्हटलं की ते आव्हान होतं. कुवत, ऐपत, आवाका हे शेजारी आहेत, पण ऐपत खिशाची, आवाका समजुतीचा किंवा कामाच्या व्यापाचा. कुवत जवळची, पण तिच्यात कमी-जास्त एवढंच मोजमाप आहे. मगदुरात ‘कशाला योग्य’ हेही येतं, निदान माळरान म्हणतात त्या शेतीच्या अर्थात तरी. तुमच्या यंत्राला तेच हवं.

सतारीचं पोर
मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून लिहितोय. (२०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गल्लीत फोटो काढणारे वाढलेत.) आमच्या धंद्यातला शब्द देतो: जवारी.

तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा सपाट नसतो. कानशीने त्याला इतका बारीक उतार काढतात की डोळ्याला दिसत नाही, कानालाच कळतो. छेडलेली तार त्या उताराला चाटत राहते आणि झंकार येतो. तार मोकळी सोडली तर आवाज साफ येईल, पण मेलेला. जास्त चाटली तर खुली जवारी, कमी चाटली तर बंद. तंबोऱ्याला तेवढ्यावरही भागत नाही, तारेखाली सुताचा दोरा घालून तो सरकवत बसावं लागतं. तारेला आडवं येणारं हे सगळं आमच्याकडे दोष नाही, कसब आहे. गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं.

खोडरबर
आमच्याकडे जवारी म्हणजे कोंबडी.

सतारीचं पोर
ती पण खरी. कानडीतली जवारी, गावरान या अर्थाची. जवारी कोंबडी, जवारी मिरची, जवारी कोथिंबीर. मिरजेच्या बाजारात दोन्ही जवाऱ्या मिळतात, मागताना गल्ली बघून मागायची.

कृष्णाकाठ
गेल्या रविवारी याच गल्लीत गेलो होतो, तर तिथलं सांगतो. माझ्याकडे पीओ-३३ नावाचा बारका सॅम्पलर आहे. कॅलक्युलेटरएवढं, उघडं सर्किट, दोन बारक्या सेलवर चालतं. माइक आतच आहे आणि सगळी मिळून ४० सेकंद. मनात बेत होता पाच तंबोरे पाच स्वरांत भरायचा. एका तंबोऱ्याच्या चार तारांचा फेरा निवांत छेडला तर पाच सेकंद जातात. पाच तंबोऱ्यांत २५ सेकंद संपली, मग ठेका कुठं ठेवू?

पाचाचा एक केला. चार तारांतली फक्त जोडीची एक तार घेतली, एकच छेड, दोन सेकंद. ती पॅडवर वरखाली केली की पाच काय, पंधरा तंबोरे झाले. मग वाळत घातलेल्या भोपळ्यावर बोटाच्या पेराने टकटक, आणि हस्तिदंती रंगाच्या घोडीवर चाललेल्या कानशीची खरखर. ड्रमच्या जागेत आवाज भरला की यंत्र त्याच्या फोडी आपोआप करतं, कानशीच्या खरखरीतून चांगली चौदा-पंधरा टोकं निघाली. सगळी मिळून ११ सेकंद भरली आणि सांगलीच्या बसमध्ये बसूनच ठेका जमला. घरच्या लॅपटॉपमध्ये तबल्याचे इतके ‘धा’ आहेत की कुठला घ्यावा यातच संध्याकाळ जाते.

तारेच्या छेडीत मागून ट्रकचा हॉर्नही आलाय. या यंत्रात तो पुसायची सोय नाही. आता दर आवर्तनाला येतो आणि दोन दिवसांत मला तो समेसारखा ऐकू यायला लागलाय.

षड्ज
मी जरा मोडता घालते. ७८च्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. अब्दुल करीम खाँसाहेब तुमच्या मिरजेचेच, १९३७ साली गेले, दर्ग्याच्या आवारात कबर आहे. त्यांच्या तबकड्या ऐका, तेवढ्या वेळात राग उभा राहतो. पण म्हणून त्या काळच्या गवयांना तीन मिनिटं आवडत होती असं कुणी समजू नये. बैठकीत ते तासन्‌तास गायचेच. तबकडीचं बंधन त्यांच्यावर कुणीतरी घातलेलं होतं. कृष्णाकाठ यांनी ते घालून घेतलंय. ‘घालणे’ आणि ‘घालून घेणे’ यात जे अंतर आहे ते पत्रकात दिसू दे. ज्या पोराकडे लॅपटॉपच नाही त्याला तोकड्या यंत्राचं कौतुक सांगू नका, तो मनात शिव्या देईल.

आणि बंधन हा शब्द एवढा वाईटही नाही. बंदिश फारसीतून आली, तिचा अर्थही बांधणंच.

कृष्णाकाठ
ताई, हे लागलं. येणाऱ्या पोरांत निम्मी ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्टीतली आहेत, ऑक्टोपॅड वाजवणारी. त्यांना तोकडेपणा शिकवायला मी कोण? कौतुकाचा भाग काढतो.

वाईचा म्हातारा
मग वाक्य असं करून बघा: ‘यंत्राचा मगदूर पाहून गाणं बांधा.’ मगदूर पाहतात, ओळखतात. कवटाळत नाहीत. आणि ‘बांधा’ मध्ये ताईंची बंदिशही आली.

कृष्णाकाठ
मित्राला पाठवलं. तो म्हणतो, मगदूर हा शब्द आजच्या पोरांना कळणार नाही.

माळरान
पोरांना नसेल कळत. त्यांनी घरी बापाला विचारावं, बाप रानात घेऊन जाऊन दाखवील.

सतारीचं पोर
पत्रक छापायच्या आधी ‘मगदुर’ ऱ्हस्व पडत नाही ना तेवढं बघा. मूळ रूपात दू दीर्घ, सामान्यरूपात मगदुराचा, तिथं ऱ्हस्व.

खोडरबर
आणि खाली ‘सॅम्पल मोफत’ असलं काही लिहू नका. पुण्याची मंडळी मिसळीचा रस्सा समजून वाटी घेऊन येतील.