मदत हवी आहे: चंद्रावरच्या यानाला पंख लावावेत का?

नमस्कार मंडळी. आमची पोरगी आठवीला, अंबाजोगाईत. विज्ञान प्रदर्शनासाठी चंद्रावरच्या वस्तीला ये-जा करणारं, पुन्हा पुन्हा वापरता येणारं यान बनवतेय. इस्रोचं 'पुष्पक' हे पंखांचं चाचणी-यान बघून ज्वारीच्या चिपाडाचे पंख झकास जमवलेत. डिंक अजून ओलाच आहे.

पण पुष्पक 2024 मध्ये चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून सोडल्यावर धावपट्टीवर उतरलं, ते हवेच्या जोरावर. चंद्रावर हवाच नाही, मग पंख काय कामाचे? मला वाटतं दोन यानं हवीत: पृथ्वीभोवतीच्या कक्षेपर्यंत पंखांचं, पुढं पायांचं, इंजिनाच्या जोरावर उतरणारं. पोरगी म्हणते, "पप्पा, मग इंधन कुठं भरायचं?" कक्षेत, की चंद्राच्या ध्रुवाजवळच्या बर्फापासून तिथंच बनवायचं? जाणकारांनी लवकर सांगा, सोमवारी मांडायचंय.