क्वितोसाठी केवळ सुती कपडे पुरणार नाहीत

विषुववृत्ताजवळच्या क्वितोला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाच्या राजधानीला, जाताना पुण्यातले उन्हाळी कपडे पुरतील का, या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. हे शहर सुमारे २,८५० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरच्या दुपटीहून उंच वसलेले असल्याने दुपारी २० अंशांच्या आसपास असलेला पारा रात्री १० पर्यंत उतरतो, आणि आपल्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटेची आठवण होते. एकच जाड जाकीट नेण्यापेक्षा सुती सदरा, पातळ स्वेटर आणि घडी करून पिशवीत मावणारा रेनकोट, असे एकावर एक चढवता येणारे कपडे घ्यावेत. विरळ हवेत ऊन सौम्य भासले तरी कातडी भाजते. सनस्क्रीन मानेला आणि कानांच्या पाळ्यांनाही आठवणीने लावावे. शाम्पूची बाटली मात्र काठोकाठ भरू नका, कारण तिथे हवेचा दाब कमी असल्याने झाकण उघडताच तो बाहेर उसळतो.