छोट्या ओपन सोर्स वेबसाइट बिल्डरने पैसे कशाचे घ्यावेत? कोडचे, होस्टिंगचे की मदतीचे?

पानकरी
मंडळी, यावर मतं हवीत. वर्डप्रेस, ड्रुपलबद्दल बोलत नाहीये, त्यांच्यामागे मोठ्या कंपन्या उभ्या आहेत. मी बोलतोय दोन-तीन जण मिळून चालवतात त्या छोट्या प्लॅटफॉर्मबद्दल. कोड सगळ्यांसाठी खुला असतो, डाउनलोड करा, आपल्या सर्व्हरवर टाका, पानं बनवा, खर्च शून्य. अशाच एका प्रोजेक्टवर मी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो आणि माझं मत पक्कं झालंय की कोड फुकटच राहू दे, पण होस्टिंग (म्हणजे साइट आमच्या सर्व्हरवर ठेवून चालवणं) आणि मदत यांचे पैसे उघडपणे घ्यावेत, आणि तेही वर्षाच्या हिशोबाने. डोनेशनच्या बटणावर प्रोजेक्ट चालत नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

खरा वेळ कोड लिहिण्यात जातच नाही. "साइट पांढरी पडली, अर्जंट" असा मेसेज येतो. व्हर्जन कुठलं विचारलं की उत्तर "लेटेस्ट". मग पीएचपी (ज्या भाषेत हा कोड चालतो ती) कुठलं, मग होस्टिंगच्या पॅनलचा स्क्रीनशॉट मागा, मग एरर लॉग म्हणजे चुकांची नोंद कुठे सापडतो ते समजावून सांगा, आणि शेवटी लॉगमध्ये दिसतं की मेमरी लिमिट संपली, कारण कुणीतरी मोबाइलवरचे फोटो तसेच्या तसे चढवलेत. १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून ४-५ एमबीचा असतो पण थंबनेल बनवायला मेमरीत उघडला की एका पिक्सेलला ४ बाइट धरून ४८ एमबी होतो, तो आडवा-उभा फिरवायचा तर दुसरी कॉपी लागते, आणि स्वस्त होस्टिंगवर लिमिट १२८ एमबी. एवढ्यासाठी माणसाचा अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कुणीच देत नाही.

डोनेशनवर किती भिस्त ठेवायची ते ओपनएसएसएलने, म्हणजे इंटरनेटवरची माहिती सुरक्षित पाठवणाऱ्या ओपन सोर्स कोडने, दाखवलंय. अर्धं इंटरनेट त्यावर चालायचं आणि २०१४ ला त्यात हार्टब्लीड नावाची मोठी सुरक्षेची चूक सापडेपर्यंत त्यांना देणग्या मिळायच्या वर्षाला साधारण २००० डॉलर.

टर्मिनलवाला
पूर्ण असहमत. तुमच्याच उदाहरणावर बोलतो. फोटो मोठा असेल तर उघडण्याआधी त्याचा आकार तपासून "हा फोटो फार मोठा आहे, छोटा करून टाका" असा मेसेज दाखवणं हे प्लॅटफॉर्मचं काम आहे, ते केलं असतं तर तो प्रश्न आलाच नसता. आता मला सांगा, मदतीचे पैसे मिळायला लागल्यावर हा चेक टाकायची घाई कुणाला असणार? डॉक्युमेंटेशन नीट करायची गरज कुणाला वाटणार? मदत विकणाऱ्याचं पोट लोकांच्या गोंधळावर चालतं, आणि हे मी पाहिलंय, चांगली सॉफ्टवेअर्स मुद्दाम किचकट ठेवलेली पाहिलीत. आणि लोक देत नाहीत असंही नाही. ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचा कोड मोकळा करायला २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमा केले होते.

पानकरी
ब्लेंडरचं उदाहरण मलाही आवडतं पण ते पैसे एकदाच द्यायचे होते, एका ठरलेल्या गोष्टीसाठी, गुंतवणूकदारांच्या ताब्यातला कोड सोडवण्यासाठी. आज ब्लेंडर चालतं त्यात मोठ्या कंपन्यांच्या नियमित मेंबरशिपचा मोठा वाटा आहे. दर महिन्याला अपडेट काढायचे तर दर महिन्याला पैसे यायला हवेत, एकदा येऊन गेलेल्या लाटेवर ते होत नाही.

गोंधळावर पोट चालतं हा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे, तो झटकत नाही. पण तो कधी लागू होतो बघा. दर प्रश्नामागे पैसे घेतले तर होय, जितके प्रश्न तितकी कमाई. वर्षाची एकच ठरलेली रक्कम घेतली तर उलटं होतं, येणारा प्रत्येक प्रश्न आमच्या खिशातून जातो, आणि मग तो फोटोचा चेक सगळ्यात आधी टाकला जातो. म्हणूनच मी वर्षाचं म्हणतोय, तासाचं किंवा तिकिटाचं (दर तक्रारीचं) नाही.

साधी_साइट
मी तांत्रिक नाही. आमच्या एका छोट्या स्वयंसेवी गटाची साइट मी सांभाळते, पानं थोडीच आहेत, वर्षातून काही वेळा बदल. पैसे द्यायला माझी काहीच हरकत नाही हो, पण भीती वेगळी आहे. आधी सगळं फुकट देतात, आपण सगळा मजकूर, फोटो, फॉर्म तिथे नेतो आणि मग एक दिवस मेल येतो की आता अमुक प्लॅन घ्या नाहीतर डोमेन जोडता येणार नाही. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. असं आमच्याबरोबर एका सेवेने केलंय, नाव घेत नाही. त्यातून बाहेर पडताना मजकूर एकेक पान कॉपी करून काढावा लागला, कारण एक्सपोर्टमध्ये फोटो येतच नव्हते. त्यामुळे किंमत किती याच्या आधी मला हे कळायला हवं की निघताना माझं सामान मला पूर्ण मिळणार का.

रात्रपाळी
होस्टिंग विका असं सगळे सहज म्हणतात, मी ते काम करतो म्हणून लिहितोय. तीन माणसांनी होस्टिंग सुरू केलं म्हणजे तिघांपैकी एकाचा फोन कायम उशाशी. बॅकअप घेणं सोपं, तो परत चढवून बघणं कुणी करत नाही. साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट रिन्यू न होणं, डिस्क भरणं, हे तर नेहमीचंच. आणि ज्याचा कुणी विचार करत नाही ते म्हणजे फुकट ट्रायल. ट्रायल उघडली की काही दिवसांत कुणीतरी त्यावर बँकेचं खोटं लॉगिन पान बनवतं, मग तक्रारी येतात, मग ब्राउझर तुमच्या अख्ख्या डोमेनवर लाल पाटी दाखवायला लागतो आणि त्यात प्रामाणिक गिऱ्हाइकांच्या साइट पण अडकतात. ट्रायल द्याच पण कार्डाशिवाय पब्लिश करू देऊ नका, आणि गिऱ्हाइकांच्या साइट तुमच्या मुख्य डोमेनवर ठेवूच नका.

दुसरं, तुमचा कोड एमआयटी लायसन्सखाली (ज्यात कुणालाही कोड हवा तसा वापरायची आणि विकायची मुभा असते) असेल तर उद्या मोठी होस्टिंग कंपनी तोच कोड घेऊन निम्म्या किमतीत विकेल. मग काय करणार?

टर्मिनलवाला
एजीपीएल हे कडक लायसन्स घ्या, विषय संपला.

रात्रपाळी
संपत नाही. एजीपीएलमध्ये ती कंपनी विकू शकतेच, फक्त कोडमध्ये बदल करून लोकांना वापरायला दिला तर ते बदल उघडे करावे लागतात. आणि लायसन्स मधेच बदलायचं तर सोपं नाही. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ ला सर्व्हर उभे करायच्या टेराफॉर्म या टूलचं लायसन्स बदललं आणि लगेच ओपनटोफूचा फोर्क, म्हणजे जुन्या कोडवरून काढलेली वेगळी आवृत्ती, उभा राहिला. त्यामुळे जे काही ठरवायचं ते बाहेरच्या लोकांनी प्रोजेक्टला कोड द्यायला सुरुवात करायच्या आत ठरवा.

पानकरी
घोस्ट हा ब्लॉग आणि साइटचा प्लॅटफॉर्म बघा ना. २०१३ ला किकस्टार्टरवर सुरू झालं, एमआयटी लायसन्स, ना-नफा संस्था, गुंतवणूकदार नाहीत, आणि चालतं ते स्वतःच्या होस्टिंगच्या पैशावर. तोच कोड कुणीही होस्ट करू शकतो, करतातही, तरी लोक बनवणाऱ्यांकडेच येतात कारण अपडेट आधी तिथे मिळतो आणि प्रश्नाला उत्तर देणारा माणूस तोच कोड लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसलेला असतो. दोघा-तिघांना घोस्टएवढं मोठं व्हायचंही नाहीये, काही शे गिऱ्हाइकं मिळाली तरी प्रोजेक्ट जगतो.

पाच_क्लायंट
मी दुसऱ्यांसाठी साइट बनवून देतो, म्हणजे ज्यांनी पैसे द्यायला हवेत असं सगळे म्हणतात तोच मी. एक साधी गोष्ट सांगतो जी मेंटेनर लोकांना, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांना, कळत नाही. आमच्यासारख्यांना डोनेशन देता येत नाही पण बिल भरता येतं. क्लायंटच्या अकाउंट्सवाल्याला "देणगी" दाखवली की तो दहा प्रश्न विचारतो, तेच "वार्षिक सपोर्ट, एक साइट" असं बिल दाखवलं तर निमूट सही करतो. रक्कम तीच. तुम्ही बटण लावून बसलाय म्हणून पैसे येत नाहीत, बिल देत नाही म्हणून येत नाहीत.

फक्त दर साइटमागे सगळ्यांना एकच भाव लावू नका. किर्बी हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर बघा, ते ओपन सोर्स नाही पण कोड बघता येतो, तिथे लायसन्सचा भाव साइट ज्याची त्याच्या उलाढालीप्रमाणे आहे, छोट्याला कमी मोठ्याला जास्त. मला ते न्याय्य वाटतं. मला हवं ते लेखी द्या, इतक्या तासांत उत्तर, आणि सिक्युरिटीचा पॅच (दुरुस्ती) आला तर जाहीर व्हायच्या आधी निरोप.

टर्मिनलवाला
हा शेवटचा मुद्दा मला अजिबात मान्य नाही. सिक्युरिटीची बातमी पैसे देणाऱ्याला आधी आणि साधी_साइट ताईंना नंतर? त्यांची साइट फुटली तर चालेल? बाकी विका काय विकायचं ते, हे विकू नका.

पाच_क्लायंट
बरं, हे पटलं. पॅच सगळ्यांना एकाच वेळी. उत्तराची वेळ मात्र हवीच.

साधी_साइट
महिन्याला एक डॉलर असं काही ठेवलं तर आमच्यासारखे कितीतरी जण देतील. इतकं कमी का नाही ठेवत कुणी?

पानकरी
कारण ते आमच्यापर्यंत पोचतच नाही. कार्डाचे पैसे घेऊन देणाऱ्या स्ट्राइपचा अमेरिकेतला नेहमीचा दर २.९ टक्के अधिक ३० सेंट. एका डॉलरमधले ३३ सेंट तिथेच गेले, वर्षाचे मिळून जवळपास ४ डॉलर. तेच १२ डॉलर एकदम घेतले तर कापले जातात फक्त ६५ सेंट. तुम्हाला खर्च तोच, आम्हाला सव्वातीन डॉलर जास्त. वर्षाचा आग्रह आहे तो यासाठीसुद्धा. आणि एक्सपोर्टबद्दल तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के बरोबर, फोटोंसकट पूर्ण साइट एका झिपमध्ये, ती घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर चढवली की चालली पाहिजे, आणि हे पैसे न देणाऱ्यालाही.

रात्रपाळी
वर्षाचे पैसे आगाऊ घ्याल तर एक लक्षात ठेवा, जानेवारीत आलेल्या पैशातले अकरा महिन्यांचे अजून तुम्ही कमावलेले नाहीत. ते नवीन सर्व्हरवर किंवा पगारावर उडवले आणि सहा महिन्यांत कंटाळून बंद केलं तर परत कुठून देणार? तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, दर महिन्याला बारावा हिस्सा उचला. आणि बंद करायची वेळ आली तर नोटीस किती दिवसांची देणार आणि उरलेले पैसे परत करणार का, हे किमतीच्याच पानावर लिहा, अटी-शर्तींच्या तळाशी नको.

पानकरी
९० दिवस आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत, असं बाकीच्या दोघांपुढे ठेवतो. वेगळ्या खात्याचंही.

टर्मिनलवाला
ठेवा. होस्टिंगला माझा विरोध नव्हताच. सपोर्ट विकण्याला आहे आणि तो राहणार.